आकडा एकटा वाचू नका : थायरॉइड आणि पॅराथायरॉइडविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या टपालात थायरॉइडची पत्रे सर्वांत जास्त होती. बहुतेकांनी रिपोर्टचा फोटो जोडलाय आणि एका आकड्याभोवती पेनाने गोल काढलाय. गोळी किती वाजता घेता, चहा कधी, सोबत आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले. पुढच्या वेळी तेही लिहा. अर्धे उत्तर तिथेच असते.

प्रश्न : वय ४६, वजन ६२ किलो. सहा वर्षांपासून थायरॉक्सिनची ७५ची गोळी चालू आहे. फेब्रुवारीत टीएसएच २.८ होता, जुलैत ९.६ झाला. डॉक्टरांनी डोस १०० केला, तर नोव्हेंबरात एकदम ०.१८! मधल्या काळात वेगळे म्हणाल तर मेपासून ऑगस्टपर्यंत गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, एवढेच. थायरॉइडची गोळी सकाळी साडेसहाला घेते, पाठोपाठ चहा, आणि कॅल्शियम आठ वाजता नाश्त्याबरोबर. माझी ग्रंथी अशी वर-खाली का होते? (वाचक, सातारा)

उत्तर : ग्रंथी जिथे होती तिथेच आहे. बदलली ती गोळी पोटातून रक्तात जाण्याची वाट.

थायरॉक्सिन लहान आतड्यातून शोषले जाते आणि तेही अनशापोटी घेतले तरच नीट. कॅल्शियम त्याला आतड्यातच पकडून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. म्हणजे मे ते ऑगस्ट तुम्ही ७५ गिळत होतात, पण रक्तात पोचत होते त्याहून बरेच कमी. टीएसएच हा मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीचा थायरॉइडला असलेला हुकूम : संप्रेरक कमी पडले की तो चढतो, जास्त झाले की उतरतो. आणि ही पियूषिका फार संवेदनशील असते. रक्तातले टी-४ (म्हणजे थायरॉक्सिनच) निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून शोषणातली थोडीशी तूटही ९.६ असा ठसठशीत आकडा दाखवते. तुमचा डोस वाढला तो खरे तर कॅल्शियमपायी. ऑगस्टनंतर कॅल्शियम थांबले आणि वाढवलेला डोस पुरताच रक्तात उतरू लागला. त्याचे ०.१८ झाले.

वजनाच्या हिशेबाने पूर्ण डोस किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण १०० येतो. पण तो ग्रंथी अजिबात काम करत नसेल तर. तुमची थोडीफार काम करत असावी, म्हणून ७५ इतकी वर्षे पुरले. ही सगळी तारीखवार हकिकत डॉक्टरांना दाखवा. बहुधा ते ७५ किंवा ८८वर आणतील आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतील. त्याआधी तपासून उपयोग नाही. थायरॉक्सिनचा रक्तातला अर्धा साठा ओसरायला सात दिवस लागतात. नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच तिच्याही मागून चालतो.

आता रोजच्या सवयी. उठल्याबरोबर साध्या पाण्याने गोळी, त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा-कॉफी नाही. चहावाचून ज्यांचे पान हलत नाही त्यांनी गोळी उशाशी ठेवावी आणि तोंड धुण्याआधीच घ्यावी. कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तास हवेत. ती दुपारच्या जेवणानंतर घेतली की वाद मिटला. इसबगोल आणि सोयाबीनचे पदार्थही दूर ठेवा. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ती सांगा, कारण पोटातले आम्ल कमी झाले की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही. सकाळ कशीच जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. फक्त रोज एकच वेळ धरा. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेतल्या तरी बहुतेकांना काही होत नाही. हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आधी विचारावे.

बाटलीबद्दलही सांगायला हवे. थायरॉक्सिनला उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींचे वावडे आहे. गॅसच्या ओट्यावरची फळी आणि न्हाणीघरातले कपाट या त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, बाटलीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. गोळीवर डाग पडले किंवा ती हाताने भुगा होऊ लागली तर टाकून द्या. कंपनी शक्यतो बदलू नका, बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच पाहा.

आणि रक्त द्यायच्या दिवशी गोळी नमुना दिल्यावर घ्या. टीएसएचला फरक पडत नाही, पण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ फुगलेला दिसतो.

प्रश्न : आईचे वय ७२. सहज केलेल्या तपासणीत टीएसएच ६.४, फ्री टी-४ नॉर्मल. तिला त्रास काहीच नाही. गोळी सुरू करायची का? (वाचक, अकोला)

उत्तर : आज नाही. आधी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. असे किंचित वाढलेले कितीतरी टीएसएच आपोआप खाली येतात. वयाबरोबर टीएसएचची वरची मर्यादाही सरकते. रिपोर्टवर छापलेली ४ किंवा ४.५ ही रेघ तिशीतल्या माणसाला आणि बहात्तरीच्या आईला एकाच मापाने मोजते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या अशाच ७३७ जणांना थायरॉक्सिन किंवा नुसती साखरगोळी देऊन पाहिले. थकवा आणि इतर लक्षणे यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. उलट या वयात डोस थोडा जास्त झाला की हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे विरळ होतात. टीएसएच सतत १० किंवा त्याहून वर राहिला तर विचार वेगळा. तेव्हाही सुरुवात १२.५ किंवा २५ने, हळूहळू.

प्रश्न : वय २९. टीएसएच ०.०४, फ्री टी-४ आणि टी-३ दोन्ही वाढलेले. 'हायपर आहे' म्हणून सांगितले. पण ना वजन घटले, ना छाती धडधडते, ना हात थरथरतात. केस गळतात म्हणून दोन महिने एक गोळी घेतेय, बाकी औषध नाही. (वाचक, पुणे)

उत्तर : त्या गोळीच्या पाकिटावर बायोटिन किती लिहिले आहे ते पाहा. केसांच्या गोळ्यांत ते बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅम असते. शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे १० मिलिग्रॅमची गोळी गरजेच्या अडीचशे-तीनशे पट!

घोळ शरीरात नसून प्रयोगशाळेच्या यंत्रात होतो. बऱ्याच यंत्रांत टीएसएच मोजताना त्याला दोन्ही बाजूंनी प्रतिद्रव्ये चिकटवतात आणि ही सगळी जुळणी बायोटिनच्या हुकाने नळीत अडकवतात. तुमच्या रक्तातले बायोटिन त्या जागा आधीच बळकावते, जुळणी धुऊन जाते आणि यंत्र सांगते 'टीएसएच नाही'. टी-४ आणि टी-३ मोजायची रीत उलटी, स्पर्धेची असते. तिथे अडकलेला भाग जितका कमी तितके संप्रेरक जास्त, असा हिशेब. म्हणून ते दोन्ही खोटेच वाढलेले दिसतात. टीएसएच खाली, टी-४ वर : हुबेहूब हायपरथायरॉइडचे, म्हणजे ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करत असल्याचे चित्र. ग्रेव्ह्ज आजारासाठी (यात शरीराचीच प्रतिद्रव्ये ग्रंथीला जास्त काम करायला लावतात) करतात ती प्रतिद्रव्यांची तपासणीही याच कारणाने काही यंत्रांवर खोटी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे शंका फिटण्याऐवजी पक्की होते.

गोळी थांबवून निदान दोन दिवसांनी, डोस मोठा असेल तर आठवड्याने, पुन्हा रक्त द्या. तोपर्यंत कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक कमी करणारे औषध, सुरू करू नका. लक्षणे आणि रिपोर्ट यांची इतकी फारकत असेल तर निम्म्या वेळा चूक रिपोर्टाची असते, असे आमचे मत.

प्रश्न : ग्रेव्ह्जसाठी भावाला कार्बिमाझोल २० मिलिग्रॅम सुरू झाले आहे. 'ताप आला तर लगेच सांगा' एवढेच सांगितले. ताप तर कशानेही येतो. नेमके काय करायचे? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ताप, घसा दुखणे किंवा तोंडात फोड यांपैकी काहीही आले तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. हजारात दोन ते पाच जणांत हे औषध रक्तातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी जवळजवळ संपवून टाकते. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. सीबीसीच्या कागदावर एकूण पांढऱ्या पेशी पाहून समाधान मानू नका, न्यूट्रोफिलची खरी संख्या काढा : एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. ही संख्या ५००च्या खाली असेल तर रुग्णालयात दाखल व्हायचे आणि हे औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचे नाही. त्याच्याऐवजी प्रोपिलथायोयुरासिलही नको, तेही तेच करू शकते. संख्या ठीक असेल तर साधा ताप समजून गोळी पुन्हा सुरू होते. 'महिन्यापूर्वीची सीबीसी नॉर्मल होती' याला अर्थ नाही, पेशी दोन-चार दिवसांत कोसळतात. कावीळ, गडद लघवी, अंगभर खाज यांसाठीही हाच नियम, फक्त तपासणी यकृताची.

उपचार साधारण बारा ते अठरा महिने चालतो. धडधड थांबली म्हणून तिसऱ्या महिन्यात स्वतःहून सोडणारे बरेच जण परत येतात. भाऊ विडी-सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद व्हायला हवी. ग्रेव्ह्जमध्ये डोळे बाहेर येण्याचा त्रास धूम्रपानाने वाढतो आणि त्यावरचे उपचारही नीट लागू पडत नाहीत.

जाता जाता : मानेला पुढून हात लावताच दुखत असेल, दुखणे कानाकडे-जबड्याकडे जात असेल आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेला असेल, तर तो ग्रेव्ह्ज नव्हेच. विषाणूच्या आजारानंतर सुजलेल्या ग्रंथीतून साठलेले संप्रेरक गळत असते. कार्बिमाझोल नव्याने तयार होणारे संप्रेरक रोखते, गळणाऱ्याला ते काय करणार! तिथे वेदनाशामक औषध, क्वचित स्टेरॉइड, आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल एवढेच लागते.

प्रश्न : थायरॉक्सिन ५० चालू आहे. कालच प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. (वाचक, ठाणे)

उत्तर : दहा दिवस थांबू नका, आज फोनवर विचारा. रूढ पद्धत अशी : आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. उदाहरणार्थ मंगळवारी आणि शनिवारी दोन-दोन. म्हणजे डोस तीसेक टक्क्यांनी वाढतो. पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, सगळी भिस्त तुमच्यावर. टीएसएच २.५च्या खाली हवा, आणि पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम ठरलेलेच असते, तेव्हा वर साताऱ्याच्या वाचकांना सांगितलेला चार तासांचा नियम भिंतीवर लिहून ठेवा. बाळंतपणानंतर डोस पूर्वीच्या जागी येतो, अंगावर पाजायला गोळीची आडकाठी नाही. बाळाची टाचेतून रक्त घेऊन करतात ती टीएसएच तपासणी जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत झाली का, एवढे विचारून घ्या. बाळाची ग्रंथी काम करत नसेल तर उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. बाळ दिसायला अगदी चांगले असते, म्हणूनच राहून जाते.

प्रश्न : गळ्याच्या सोनोग्राफीत १.४ सेंटिमीटरची गाठ, 'टायरॅड्स ३'. सुईची तपासणी केली नाही तर कर्करोग सुटणार नाही ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : टायरॅड्स म्हणजे सोनोग्राफीतल्या रूपावरून दिलेले गुण : गाठ भरीव की पाण्याची, काळपट की उजळ, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का. अमेरिकी पद्धतीत तीन नंबरच्या गाठीला सुई २.५ सेंटिमीटरपासून, चारला १.५पासून आणि पाचला १ सेंटिमीटरपासून टोचतात. तुमची गाठ त्या रेषेच्या बरीच खाली आहे. इतकी की केवळ नजर ठेवण्यासाठी सोनोग्राफी पुन्हा करायलाही १.५ची अट आहे. काठावर आहे म्हणून वर्षभराने एकदा पाहायला हरकत नाही.

रिपोर्टात टीएसएच मात्र कुठे दिसला नाही. गाठ सापडल्यावर पहिली तपासणी तीच. टीएसएच खूप कमी असेल तर गाठ स्वतःच संप्रेरक बनवत असण्याची शक्यता असते. तिथे आधी आयसोटोप स्कॅन करतात, आणि अशी तापलेली गाठ कर्करोगाची जवळपास कधीच नसते. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी मात्र करत बसू नका. मिलिमीटरभराचा फरक हात बदलला तरी पडतो.

प्रश्न : वहिनींची पूर्ण थायरॉइड काढायची आहे. घरी आल्यावर 'कॅल्शियमकडे लक्ष ठेवा' म्हणतात. थायरॉइड काढल्यावर कॅल्शियमचा काय संबंध? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : थायरॉइडच्या पाठीमागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटून असतात, एकेक जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅमची. नाव सारखे असले तरी थायरॉइडशी त्यांचे काम जुळत नाही. त्यांचे पीटीएच हे संप्रेरक रक्तातले कॅल्शियम सांभाळते. त्या प्रथम नोंदवल्या गेल्या त्या माणसात नव्हे, तर आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचे विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी १८५०च्या सुमारास केले तेव्हा. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८० साली प्रसिद्ध केले.

थायरॉइड काढताना या दाण्यांना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या दुखावतात. हात कितीही सफाईचा असला तरी काहींच्या बाबतीत ग्रंथी काही आठवडे सुस्तावतात. कॅल्शियम सर्वांत खाली जाते ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमके घरी आल्यावर. पहिली खूण ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. मग पायात गोळे, हाताला वांब. रुग्णालयात रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून वरच्या दाबाहून थोडा जास्त फुगवून तीन मिनिटे ठेवतात. कॅल्शियम कमी असेल तर मनगट वाकते, अंगठा आत येतो, बोटे सरळ जुळतात. चिमटीत रांगोळी धरावी तसा पंजा होतो.

मुंग्या आल्या तर डॉक्टरांनी लिहून दिलेली जादा कॅल्शियमची गोळी घ्यायची, त्यांना कळवायचे आणि त्याच दिवशी रक्तातले कॅल्शियम, जमल्यास मॅग्नेशियमही पाहायचे. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम ओता, पातळी वर येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, त्याला पोटातले आम्ल लागते. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर सायट्रेट बरे. सोबत कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम असेल, कारण साधे ड जीवनसत्त्व कामाचे रूप घेते ते पीटीएचच्या मदतीने. बोटे वाकडी होऊन आखडली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर गोळ्यांवर न थांबता शिरेतून कॅल्शियम देण्यासाठी रुग्णालय गाठायचे.

सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम लागत असेल तर उणीव कायमची धरतात. तेव्हा रक्तातले कॅल्शियम नॉर्मलच्या खालच्या कडेलाच ठेवायचे, मध्यावर न्यायचा हट्ट नको. पीटीएच नसले की मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही, ते लघवीत वाहते आणि खडे होतात.

प्रश्न : वय ५२, स्त्री. नऊ वर्षांत तीनदा मुतखडा. आता कॅल्शियम ११.१, अल्ब्युमिन ३.८, पीटीएच ६१ (नॉर्मल १५ ते ६५), ड जीवनसत्त्व १४. 'पीटीएच नॉर्मल आहे, दूध बंद करा, पाणी भरपूर प्या' असे सांगितले. (वाचक, सोलापूर)

उत्तर : या खेपेचे सर्वांत महत्त्वाचे पत्र हेच.

आधी कॅल्शियम. रक्तातले जवळपास निम्मे कॅल्शियम मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले असते, म्हणून दुरुस्ती करतात : ४ वजा तुमचे अल्ब्युमिन, गुणिले ०.८, ते मोजलेल्या आकड्यात मिळवा. तुमचे सुमारे ११.३ येते. नॉर्मल १०.५च्या आत.

आता पीटीएच. गच्चीवरची टाकी भरून वाहतेय आणि खाली मोटर चालूच आहे, तर 'मोटर नेहमीइतकीच चाललीय' असे म्हणून कोणी निर्धास्त होत नाही. कॅल्शियम ११.३ असताना निरोगी ग्रंथी जवळजवळ बंद पडायला हव्यात, पीटीएच २०च्या खाली यायला हवे. ६१ हा आकडा छापील मर्यादेत असला तरी तुमच्यासाठी जास्तच आहे. याला प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. दहापैकी आठांहून जास्त जणांत चारपैकी एकाच ग्रंथीवर साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असते.

पक्के करण्याआधी चार गोष्टी. कॅल्शियम आणि पीटीएच एकाच नमुन्यातून पुन्हा तपासा आणि रक्त काढताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, त्याने कॅल्शियम खोटे वाढते. रक्तदाबासाठी थायाझाइड किंवा मनाच्या आजारासाठी लिथियम चालू नाही ना ते पाहा. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहा. चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातले कॅल्शियम आणि क्रिएटिनिन मोजा. लघवीत कॅल्शियम अगदीच कमी, दोन्हींच्या उत्सर्जनाचे गुणोत्तर ०.०१च्या खाली, असेल तर तो घराण्यात चालणारा निरुपद्रवी प्रकार असू शकतो. त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. खडे असलेल्या तुमच्यात तो असण्याची शक्यता कमी. हाडांची घनता मोजताना कंबर आणि खुबा यांच्याबरोबर मनगटाजवळचे हाडही मोजायला सांगा, पीटीएच ते आधी पोखरते.

दूध बंद करू नका. आहारातले कॅल्शियम तोडले की पीटीएच आणखी चढते आणि हाडातून उपसा वाढतो. ड जीवनसत्त्व १४ आहे, ते भरून काढायला हवे, पण रोज १००० ते २००० युनिट असे सावकाश, कॅल्शियमवर लक्ष ठेवून. आपल्याकडे सर्रास देतात ते सहा लाखांचे इंजेक्शन तुम्ही घेऊ नका. कमतरतेमुळे खरे कॅल्शियम झाकलेलेही असू शकते, एकदम भरले तर ते उसळी मारते.

खडे असले की शस्त्रक्रियेचा सल्ला द्यायला दुसरे कारण लागत नाही. वय ५०च्या आत असणे, कॅल्शियम वरच्या मर्यादेहून १ने जास्त, हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली, मूत्रपिंडाचे काम कमी होणे ही बाकीची कारणे. गाठ कुठे आहे हे सोनोग्राफी आणि सेस्टामिबी या किरणोत्सारी द्रव्याच्या स्कॅनने शोधतात. पण स्कॅनमध्ये काही दिसले नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. निदान रक्तावर होते, स्कॅन फक्त पत्ता सांगतो. पत्ता चुकल्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे चार्ल्स मार्टेल हे अमेरिकी जहाजाचे कप्तान. हाडे खचून त्यांची उंची सात इंचांनी घटली होती. सहा शस्त्रक्रियांत काही हाती लागले नाही, सातव्या खेपेला, १९३२ साली, गाठ सापडली ती छातीच्या पोकळीत. गर्भात खालच्या दोन ग्रंथी छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर खाली सरकत येतात, एखादी जरा पुढेच जाते. म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन शोधा. वर्षाला किती करता, हे विचारायला संकोचू नका.

गाठ काढल्यावर टेबलावरच खात्री करता येते. पीटीएच रक्तात तीन ते पाच मिनिटांत निम्मे होते. काढल्यावर दहा मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात ते निम्म्याहून खाली आले तर काम झाले. नंतरचे दिवस मात्र जपायचे. वर्षानुवर्षे लुटलेली हाडे कॅल्शियम अधाशासारखे ओढून घेतात आणि रक्तात ते झपाट्याने घसरते. ड जीवनसत्त्व कमी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची झीज-भर दाखवणारे) वाढलेले असेल तर हे जास्त होते. वहिनींना सांगितलेल्या मुंग्यांच्या खुणा तुम्हालाही लागू.

प्रश्न : माझे उलटे आहे. पीटीएच ११८, पण कॅल्शियम ८.९, ड जीवनसत्त्व ९. सेस्टामिबी स्कॅन करू का? (वाचक, नागपूर)

उत्तर : नको. इथे टाकी रिकामी होतेय म्हणून मोटर जोरात चाललीय, म्हणजे ग्रंथी आपले काम चोख करताहेत. ड जीवनसत्त्व ६०,००० युनिट आठवड्याला एकदा, आठ आठवडे. त्यानंतर देखभालीचा डोस. क्रिएटिनिन पाहून घ्या, कारण मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही असेच चित्र दिसते. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा. ड जीवनसत्त्व भरल्यावर कॅल्शियम १०.५च्या वर गेले आणि पीटीएच उतरलेच नाही, तर सोलापूरच्या उत्तरात लिहिलेला मार्ग.

प्रश्न : थायरॉइड आहे म्हणून कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद आणि मीठ शेंदेलोण, असे सगळे सांगतात. (वाचक, मडगाव)

उत्तर : शेंदेलोण आणि गुलाबी मीठ यांत आयोडीन नगण्य असते. घरचे मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. नियमानुसार घरी पोचताना त्यात निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवे. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६पासून आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड घटतो हे दाखवले, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड कार्यक्रम सुरू झाला. ते मीठ सोडायचे कारण नाही. त्याने तुमचा हायपोथायरॉइड (ग्रंथी कमी काम करण्याचा आजार) बराही होणार नाही, कारण शहरी भागात तो बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिद्रव्यांमुळे होतो. समुद्रशेवाळाच्या गोळ्या मात्र टाळा, आयोडीन वाजवीपेक्षा जास्त झाले तरी ग्रंथी बिघडते. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवा आणि आमटीत शेवटी घाला.

सोयाबीन गोळीपासून लांब घ्या, बंद करायला नको. कोबीतला ग्रंथीला अडवणारा अंश शिजवल्यावर बराच कमी होतो. आयोडीन पुरेसे असेल तर भाजी खा, वाटीभर कोशिंबीरही खा.